ऐंशी किलोची अट

कुपवाड
८ जानेवारी २०२५

आक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर पत्र तसंच चुलीत जाईल, म्हणून पत्ता अमृतकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे, दीपा. आता उघडलंच आहेस तर वाच.

फोन तू उचलत नाहीस. तेरा महिने झाले. दाजींच्या फोनवर लावला की ते "हां, बोला" म्हणतात, मागून तुझा आवाज येतो, आणि लगेच त्यांची रेंज जाते. त्यांचा दोष नाही. मिलिटरीत वीस वर्षं काढली तरी तुझ्यापुढं त्यांचं काय चालणार.

सांगायचं ते असं, की ऑगस्टमध्ये मी मिरजेला ऑपरेशन करून घेतलं. वजन कमी करायचं. पोटाचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी पिशवी ठेवतात. अमृत आधी नको म्हणत होता. म्हणाला, चांगलं चाललेलं पोट कशाला कापायचं. डॉक्टरांनी त्याला माझ्या गुडघ्यांचा फोटो दाखवला, साखर काठावर आलीय ते सांगितलं, तेव्हा त्यानं नवरा म्हणून सही केली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझं वजन एकशे सव्वीस होतं. घरातला काटा एकशेवीसलाच संपायचा, त्यामुळं खरा आकडा मला तिथंच कळला.

पहिले पंधरा दिवस नुसतं पाणी. वरणाचं वरचं पाणी, ताक, नारळपाणी, तेही चमच्यानं. आणि खानावळ तर चालूच होती. साठ-सत्तर माणसं साडेबाराला गाड्या लावून दारात उभी राहतात, त्यांना काय सांगणार. राहीबाई भाकऱ्या थापायच्या आणि मी खुर्चीवर बसून मीठ-तिखट सांगायची. आमटीचा वास यायचा तेव्हा मी तोंड दुसरीकडं करायची.

पण वजन उतरलं. पहिल्या महिन्यात बारा किलो, दुसऱ्यात आठ. बांगड्या हातातून आपोआप निघू लागल्या. साखरेची गोळी बंद झाली. आज सकाळी ब्याण्णव भरले.

तुला हे कळवायचं कारण एकच. ऐंशी झाले की मी वाडीला येणार आहे. त्याआधी नाही. का, ते विचारू नकोस. आई आजारी असताना लग्नाची ऑर्डर होती, निघता आलं नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं. आता परत त्यात शिरत नाही.

दाजींना नमस्कार.

दीपा


११ फेब्रुवारी २०२५

आक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

एक्याण्णव पूर्णांक चार. चार आठवडे झाले. रोज सकाळी उठल्यावर, पाण्याचा घोटही न घेता काट्यावर उभी राहते. एक्याण्णव पूर्णांक चार. काटा बिघडला असेल म्हणून अमृतला उभं केलं, तर त्याचं बरोबर सांगतो. काटा दुसऱ्या फरशीवर नेऊन ठेवला. तिथंही तेवढंच.

मिरजेच्या दवाखान्यात खाण्यापिण्याचं बघणाऱ्या सोनिया मॅडम आहेत. आधीच बजावून ठेवलं होतं त्यांनी. "वजन जिना उतरल्यासारखं उतरतं. मध्ये सपाट जागा येते. तिथं घाबरायचं नाही, खाणं सोडायचं नाही." तेव्हा मी मान हलवली होती. उतरत असताना मान हलवायला काय जातंय.

लोकांना वाटतं ऑपरेशन केलं म्हणजे सोपं झालं. परवा सासूबाईंची बहीण आली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "आजारी हायस काय गं? तोंड किती उतारलंय." दहा मिनिटांनी म्हणाली, "पोट कापलं तरी कंबर हाय तेवढीच की." एकाच बाईला मी आजारीही दिसते आणि जाडही दिसते. मी चहा ठेवला.

केस हातात येतात. दंडाची कातडी लोंबायला लागलीय, भाकरी थापताना हलते, म्हणून लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. थंडी एवढी वाजते की दुपारीही स्वेटर असतो. एवढं सगळं होऊनसुद्धा आकडा हलत नाही, हेच समजत नाही. मी काही चोरून खात नाही, आक्का. उलट आता सकाळचं अंडंही बंद केलंय. मॅडमना तेवढं सांगितलेलं नाही.

बाकी सगळं ठीक आहे. सृष्टीची बारावीची परीक्षा सुरू झाली. तिला वाटतं आई पहिल्यापेक्षा चिडकी झालीय. असेनही.

दीपा


४ मार्च २०२५

आक्का,

आज लिहिण्यासारखं काही नाही. तरी लिहिते.

सात आठवडे. मध्ये एकदा नव्वद पूर्णांक नऊ दिसलं. त्या दिवशी मी राहीबाईंना पगाराशिवाय साडी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी परत एक्याण्णव पूर्णांक चार.

सकाळी ताक, दुपारी ताक, संध्याकाळी वरणाची वाटी. घरात जेवायला बसले की अमृत ताटाकडं बघत राहतो, म्हणून मी नंतर जेवते असं सांगते. नंतर कुणी विचारत नाही. दुपारी दारामागच्या आवारात शंभर फेऱ्या मारते. पाय जड होतात.

राहीबाईंच्या लक्षात आलंय. त्या जतकडच्या, बाप-आजा मेंढरांमागं फिरलेला. काल पीठ मळता मळता म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं दुष्काळ पडला की मेंढी काय आदी बारीक व्हत न्हाई. आदी तिची लोकर झडती. मग ती चालायची थांबती. तुमी बी आता थांबल्यासारख्या दिसताय."

मी म्हटलं, तुम्ही भाकऱ्यांकडं बघा.

असं बोलायला नको होतं. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या आहेत.

वर्षश्राद्धालाही मी आले नाही, हे तू मनात धरलं असशील. तेव्हा मी सत्त्याण्णव होते. मला वाटलं होतं, उन्हाळ्यापर्यंत ऐंशी होईन, मग येईन, मग सगळं नीट सांगेन. आता काय सांगणार आणि कधी, काही कळत नाही. कंटाळा आलाय. वजनाचा नाही. स्वतःचाच.

दीपा


मिरज
२२ मार्च २०२५

आक्का,

अक्षर वेडंवाकडं आहे, उजव्या हाताला पट्टी आहे. घाबरू नकोस. भाजलंय, पण फार नाही.

मंगळवारी सव्वाबाराला आमटीचं पातेलं उतरवताना माझ्या डोळ्यांपुढं काळं आलं. पातेलं राहीबाईंनी दुसऱ्या बाजूनं धरलं होतं म्हणून अंगावर आलं नाही, नुसता हात चुलीच्या कडेला लागला. त्यांनी मला ओढून बाजूला निजवलं, जेवायला आलेल्या माणसांना गाडी काढायला लावली आणि मिरजेपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्या दिवशी साठ माणसं आपलीआपली वाढून घेऊन जेवली म्हणे. भांडीसुद्धा घासून गेली.

आज घरी सोडतील. रक्तदाब फार खाली गेला होता, अंगात पाणी नव्हतं, रक्तही कमी. सोनिया मॅडम वॉर्डात आल्या आणि कागद पुढं ठेवून म्हणाल्या, "दिवसभरात काय काय खाताय ते लिहा. खरं."

मी खरं लिहिलं. तीन ओळींत संपलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "दीपमालाताई, ऑपरेशन करून घेतलेल्या बायका मी रोज बघते. चोरून खाणाऱ्या असतात, त्यांना मी ओळखते. तुम्ही चोरून उपाशी राहताय. असं केल्यानं शरीर आहे ते घट्ट धरून ठेवतं आणि ताकद घालवून बसतं. वजन अडलं होतं ते आपोआप सुटलं असतं. तुम्हाला घाई कसली आहे?"

"ऐंशी व्हायचंय."

"ऐंशीच का? मी तर तुम्हाला कुठला आकडा दिलेला नाही."

मी कागद त्यांच्याकडं सरकवला. त्या म्हणाल्या, "मला सांगू नका. पण ज्याला सांगायचंय त्याला सांगा. नाहीतर परत इथंच याल."

ते तुलाच सांगायचंय.

दाजी मिलिटरीतून परत आले, तुम्ही गोंधळ घातला, तेव्हा मी वाडीची चढण शेवटची चढले. नऊ वर्षं झाली. तेव्हा मी ऐंशी होते. त्यानंतर दर दिवाळीला आईच सांगलीला येत राहिली, मी वर आले नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

मग आईचा पाय काळा पडला, ती दवाखान्यात जायला तयार नव्हती, आणि तू फोन केलास, "दीपे, ती सारखी तुजं नाव काढतीय, ये." तो शुक्रवार होता. लग्नाची ऑर्डर नव्हती, आक्का. कधीच नव्हती. शनिवारी सकाळी मी निघाले. सांगली ते कराड, कराड ते पाटण, तिथून जीपनं खालच्या गावात. अकराला मी चढणीच्या तोंडाशी होते.

पहिलं वळण चढले. दुसऱ्या वळणाला छातीत असं धडधडायला लागलं की मला वाटलं आईच्या आधी मीच जाते. बसले. उठले. दहा पावलं गेले, परत बसले. गुडघा धरेना. वरून आपल्या वाडीच्या दोन बाया मोळ्या घेऊन येताना दिसल्या, तशी मी करवंदीच्या जाळीमागं सरकले. त्या गेल्यावर परत प्रयत्न केला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी उलटी झाली.

मग खाली उतरले. नाक्यावर ते नवीन चहाचं हॉटेल झालंय, नानासोंचं. त्यांची खुर्ची प्लास्टिकची होती, मोडेल म्हणून मी बाहेर दगडावर बसले. त्यांनी विचारलं, "कुनाकडं जायाचं, ताई?" मी म्हटलं, कुणाकडं नाही. साडेतीनपर्यंत तिथं बसले होते. आपलं घर तिथून दिसत नाही, पण घरामागचं टेकाड दिसतं. फोन हातात होता. तुला लावायचा आणि काय सांगायचं? की मी खाली आहे, आई वर आहे, आणि मी एवढी जाड आहे की मला वर येता येत नाही?

चारच्या जीपनं परत फिरले. कराडच्या स्टँडवरून तुला फोन केला आणि लग्नाच्या ऑर्डरचं सांगितलं. म्हटलं, दोन दिवसांत येते. सोमवारी आई गेली.

दहाव्याला नदीवर आले, कारण नदी खाली आहे. तिथं तू सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "आईचं तोंड बघायला येळ न्हवता. आता कावळा बघायला आलीस व्हय?" मी मान खाली घालून गाडीकडं वळले. बोलण्यासारखं होतं, पण ते यापेक्षा वाईट होतं.

म्हणून ऑपरेशन. म्हणून ऐंशी. साखर आणि गुडघे ही अमृतला सांगायची कारणं होती.

आता तुला जे करायचं ते कर.

दीपा


वाडी
६ एप्रिल २०२५

दीपे,

मला तुज्यासारकं लिवता येत न्हाई. जमल तसं लिवती.

तू खाली आली हुतीस ते आमाला म्हायती हाय. पयल्यापासनं. दुसऱ्या दिवशी ह्ये दूध घालाय खाली गेलं तवा नानासो म्हनालं, काल एक ताई लय येळ दगडावर बसून हुती, तोंडवळा भामाकाकूचा, आपल्या आईचा, लय रडली, चा बी पिली न्हाई. ह्यांनी मला सांगितलं. मी आईला सांगितलं. आई म्हनाली, आली हुती न्हवं खालपातूर, मग झालं. तिला दम लागतो लहानपनापासनं. आसं म्हनाली आनि भिताडाकडं तोंड केलं.

तू चढली न्हाईस ह्याचा मला राग न्हवता. तू खोटं बोललीस ह्याचा हाय. तू फोन केला आसतास की आक्का मी खाली हाय, मला चढता येत न्हाई, तर मी चार गडी बोलावून आईला डोलीत घालून खाली आनली आसती. डागदरकडं जायाला ती तयार न्हवती, पर तुला बघायला ती आली आसती. येका तासाचं काम हुतं. त्यो येक तास तू आमाला दिला न्हाईस. त्योच मला गिळता येत न्हाई.

मी वाट बघत हुती तू कवा खरं बोलतीस त्याची. नदीवर म्हनूनच टोचलं. वाटलं, आता तरी बोलंल. तू खाली मान घातलीस आनि गाडीत बसलीस.

ऐंशीबिंशी मला कळत न्हाई. आईनं वाट बघितली ती बास झाली. मी कुनाची वाट बघनार न्हाई.

अंडं खात जा.

मंगल


कुपवाड
२९ एप्रिल २०२५

आक्का,

सुखरूप पोचलो. रविवारी रात्र कराडला काढली आणि काल दुपारी कुपवाडला आलो. हे पोचल्याचं पत्र, पण त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक तुला माहीत नाही, आणि दुसरी तुला माहीत आहे पण तू सांगितली नाहीस.

पहिली चढणीची. तू वरच होतीस, त्यामुळं ती मी कशी चढले हे तुला कळायचं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी आठ दिवस रोज ते वाचलं आणि आठ दिवस रोज अंडं खाल्लं. मग सोनिया मॅडमना जाऊन विचारलं, अशी अशी चढण आहे, या वजनावर जाऊ का? त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, जा, पण मिनिटं मोजू नका, आणि घोट घोट पाणी पीत राहा. शनिवारी कराडला अमृतच्या चुलतभावाकडं राहिलो. रविवारी आठ वाजता चढणीला लागले.

अमृतला मी खाली थांब म्हटलं होतं. तो थांबला नाही. पन्नास पावलं मागं राहून चालत होता, हातात पाण्याची बाटली आणि बगलेत घडीची खुर्ची. मी थांबले की खुर्ची टाकायचा, उठले की उचलायचा. वरून उतरणाऱ्या एकानं विचारलं, "मोजनी करताय काय?" अमृत म्हणाला, "व्हय, रस्त्याची."

दुसरं वळण आलं तेव्हा दम लागला नव्हता, तरी मी खुर्ची मागितली. तिथं बराच वेळ बसले. मग पुढं गेले. पुढचं सगळं विसरले होते. कातळाची ती लांब पट्टी, मग सपाटी, मग परत उभी चढण. वाडीतली पोरं जिथं चाळीस मिनिटांत उतरतात, तिथं मला तीन तास वीस मिनिटं लागली. मी तेवीस वेळा बसले. आनंद वगैरे काही झाला नाही, आक्का. वर पोचल्यावर एकच वाटलं, की हे तीन तास वीस मिनिटांचंच काम होतं. त्या शनिवारी अकराला सुरू करून, कुणाला तरी हाक मारून, पाच वाजले असते तरी चाललं असतं.

पुढचं तुला माहीत आहे. तू बाजेवर सांडगे घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आलीस?"

"व्हय."

"बस. पानी पी."

"एकदम पिता येत नाही."

"मग घोट घोट पी. कोन मागं लागलंय."

जेवायला तू बारकी ताटली काढलीस. मी दोन घास भाकरी आणि वाटीभर मुगाचं वरण चावत बसले, तू अर्धा तास समोर बसून बघत होतीस, आणि शेवटी म्हणालीस, "एवढ्यावर जगतीस व्हय?" तेव्हा तुझा आवाज जरा खाली आला होता. मला वाटलं तू रडशील. तू उठून ताटल्या घेतल्यास.

निघताना तू म्हणालीस, "माज्या मनातनं समदं गेलं न्हाई, दीपे." मी म्हटलं, राहू दे. खरंच राहू दे. माझ्याही मनातनं गेलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट.

तू ताटल्या घेऊन पायरी उतरलीस तेव्हा मी तुझा पाय बघितला. डाव्या अंगठ्याला फडकं होतं आणि फडक्याच्या वर पाय सुजलेला. विचारलं तर म्हणालीस, करवंदीचा काटा गेला. नंतर मी नुसती बघत राहिले. तासाभरात तू तीन तांबे पाणी प्यालीस. चार वेळा मागं जाऊन आलीस. सांडगे घालताना दोनदा टेकलीस. आणि उतरताना सोबत आलेल्या दाजींनी अमृतला हळूच सांगितलं, "दीड महिना झाला, भरत न्हाई. दवाखान्याचं नाव काडलं की चार दिस बोलत न्हाई."

आईनंही काटाच सांगितला होता, आक्का. तूच मला फोनवर बोलली होतीस, काटा काढलाय, हळद लावलीय.

मी खोटं बोलले म्हणून तू सोळा महिने माझ्याशी बोलली नाहीस. ते बरोबर होतं. आता मी तुला तेच म्हणतेय. तो काटा नाही. तुलाही ते माहीत आहे. म्हणून तर तू फडकं सारखं लुगड्याखाली ओढत होतीस. मी तीन महिने लांब बाह्यांत दंड लपवलेत, मला लपवलेलं ओळखता येतं.

पुढच्या मंगळवारी, सहा तारखेला, मिरजेत साखरेच्या डॉक्टरांकडं तुझ्या नावानं वेळ घेतलीय. त्यांनी सांगितलंय, आत्ता आलात तर पाय वाचेल. दाजींना फोन केला होता, या वेळी त्यांची रेंज गेली नाही. चार गडी डोली घेऊन सोमवारी दुपारी घरी येतील. राहायचं माझ्याकडं. राहीबाईंनी आधीच पलंगावर नवी वाकळ घातलीय आणि कुणाला बसू देत नाहीत.

सोमवारी सकाळी आठला मी परत चढायला लागणार आहे. वजन अजून एक्याण्णवच आहे. साडेअकरापर्यंत पोचेन, थोडं मागंपुढं. तू नको म्हणशील, चिडशील, दार लावून घेशील. लाव. मला तासन्‌तास बसायची सवय आहे, ती नानासोंना विचार. फक्त या वेळी मी खाली बसणार नाही. तुझ्या दारात बसेन.

दीपा